मोत्याला कुठं ठेवायचं?

लेकीचा फोन आला तेव्हा मी कुरडयांचा चीक घाटत होते. चीक घाटताना हात सोडून चालत नाही, म्हणून फोन कानाला आणि खांद्यात दाबून धरलेला. "आई, पिल्लूच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही दोघंही यायचंय. दोघंही म्हणतेय मी. बारशाला बाबा एकटे आले, नंतर तू एकटी आलीस. आता ते चालणार नाही. चांगले बारा दिवस राहा."

बंगळुरू. मे महिना. नातवाचा वाढदिवस. कुठल्याही आजीला आनंद व्हावा अशीच गोष्ट, मलाही झाला. पण खरं सांगू? फोन ठेवल्यावर माझी नजर पहिल्यांदा गेली ती ओट्याशेजारी गार फरशीवर पाय ताणून पडलेल्या मोत्याकडे. त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

मोत्या आमचा अकरा वर्षांचा. जातिवंत वगैरे काही नाही, आपला गावठी. अकोले नाक्यापाशी भर पावसात एका टपरीखाली कुडकुडत बसलेलं पिल्लू लेकीनं ओढणीत गुंडाळून आणलं. "दोनच दिवस ठेवू" म्हणाली. पुढं ती शिकायला गेली, नोकरीला गेली, लग्न करून गेली, आणि ते दोन दिवस अजून चाललेत!

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात जनावर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरातली सगळी माणसं एकदम बाहेर पडू शकत नाहीत. कुणीतरी मागं राहतं. आणि हे 'कुणीतरी' बहुतेक वेळा कोण असतं, हेही सांगायला नको. नागपूरला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न झालं, मी राहिले. काशीयात्रेला आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणी गेल्या, मी राहिले. कुणी मला "तू राहा" असं म्हणालं नाही हो, पण "मग मोत्याचं काय?" एवढाच प्रश्न यायचा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी असायचे.

माझ्या आईचं यापेक्षा अवघड होतं. अकोल्याच्या रस्त्याला आमची वस्ती, दारात दोन गाई. संध्याकाळची धार चुकायची नाही म्हणून आई कुठल्याही लग्नात अक्षता पडल्या की पंगतीची वाट न बघता परतीची गाडी धरायची. पंढरपूरला एकदा तरी पायी जायचं, हे ती दरवर्षी आषाढ आला की बोलायची. गाई बदलल्या, कालवडी मोठ्या झाल्या, आई काही गेली नाही. आपल्या तालुक्यात दुधाच्या पैशावर किती घरं उभी राहिली ते सगळे सांगतात. त्या दुधापायी किती बायका गोठ्याला बांधल्या गेल्या, ते कुणी मोजलेलं नाही.

तर यंदा मी ठरवलं. मी जाणार, हेही जाणार, आणि मोत्याचीही नीट सोय होणार.

पहिला विचार आला तो त्याला बरोबर न्यायचा. संगमनेरला रेल्वे नाही, म्हणजे आधी पुणे गाठायचं. रेल्वेचा नियम असा, की कुत्रा डब्यात आपल्याजवळ ठेवायचा तर एसी फर्स्ट क्लासचा दोन किंवा चार बर्थचा अख्खा कक्ष आपल्याच नावावर लागतो. स्लीपर, थ्री टायर, टू टायरमध्ये नेता येत नाही. नाहीतर मग गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. मे महिन्यात, अकरा वर्षांचं जनावर, लोखंडी पिंजरा! धर्मराजानं कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, पण त्याला निदान तिकिटं काढायची नव्हती.

दुसरा विचार माहेरचा. भाऊ लगेच म्हणाला, "आण की वस्तीवर. इथं चार कुत्री आहेत, त्यात पाचवं. त्याला काय होतंय?" मला बरं वाटलं. मागून वहिनीचा आवाज आला, "मागल्या वर्षी सहा होती म्हणावं."

बिबट्या! आपल्याकडे उसात बिबट्या आहे हे काही नवीन राहिलेलं नाही. पण तो खातो काय, याचा नीट अभ्यास आपल्या शेजारच्या अकोले परिसरातच झालेला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा आहे, आणि सगळ्यात मोठा, तब्बल ३९ टक्के, एकट्या कुत्र्याचा. शेळ्या कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा कुत्र्यांहून बराच कमी. कारण उघड आहे. शेळी संध्याकाळी आत कोंडली जाते, कुत्रा राखणीला बाहेर. वस्तीवरच्या कुत्र्यांना निदान वास तरी कळतो. आमचा बंगल्यातला मोत्या, फरशीवर झोपणारा, तो पहिल्याच रात्री गेला असता. तुमच्याही मनात जर "गावाकडं सोडू, मोकळा हिंडेल" असं असेल, तर रात्री त्याला दार लावून घरात घेणार आहेत का, हे आधी विचारा.

मग उरलं बोर्डिंग. शेजारच्या आजींना हा शब्द सांगितला तर त्या चकितच झाल्या. "कुत्र्याला बोर्डिंगात? अगं, आमच्या वेळी पोरं ठेवायची बोर्डिंगात शिकायला!" त्यांच्या मनात आपलं नगरकडचं विद्यार्थ्यांचं वसतिगृह. मी म्हटलं, "तसंच आजी, फक्त परीक्षा नसते."

पण परीक्षा असते. आमची एकदा झालेली होती, आणि आम्ही नापास झालो होतो. २०१७ साली एका लग्नासाठी चार दिवस मोत्याला एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. कुठल्या ते सांगत नाही, आता ते तसं असेलच असं नाही. फोनवर बोलणं फार गोड होतं. आम्ही जागा न बघता, फाटकातूनच त्याला देऊन आलो. परत आणला तेव्हा भुंकून भुंकून आवाज बसलेला, कानात गोचीड, आणि मला बघून धावत येण्याऐवजी माझ्या पायाशी येऊन नुसता बसला. दोन आठवड्यांनी ताप आला, खाणं सुटलं, नाकातून रक्ताचे थेंब. गोचिडीतून होणारा ताप. रक्तातल्या प्लेटलेट्स खाली आल्या होत्या. महिनाभर गोळ्या. चूक त्यांची होतीच, पण निम्मी माझी. नेण्याआधी गोचिडीचं औषध मी लावलं नव्हतं आणि आत जाऊन बघितलं नव्हतं. मुलीला स्थळ बघताना आपण न्हाणीघरापर्यंत जातो, इथं फाटकावरून परत!

या वेळी म्हणून आम्ही मुद्दाम सत्तरेक किलोमीटर जाऊन नाशिकला एक बोर्डिंग पाहून आलो. आणि सांगते, ते चांगलं होतं. गेल्या गेल्या बाईंनी आधी लसीची वही मागितली. मला ते आवडलं. जे बोर्डिंग वही मागत नाही, ते शेजारच्या कुत्र्याचीही मागत नसणार. रेबीजची लस आणि ती सात-आठ रोगांवरची एकत्र लस, दोन्ही वेळेवर हव्यात, आणि राहिली असेल तर निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी टोचायची, कारण लस टोचल्या दिवशी काम करायला लागत नाही. पार्वोचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकून राहतो, साध्या फिनेलनं जाईलच असं नाही, त्याला ब्लीच लागतं. 'फरशी कशानं पुसता?' हा प्रश्न मी विचारला तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं, पण बोर्डिंगच्या बाई हसून म्हणाल्या, "हे कुणीच विचारत नाही." प्रत्येक कुत्र्याची खोली वेगळी, बाहेर पडायला दोन दारं, एक उघडलं तरी कुत्रा रस्त्यावर जाणार नाही असं. इन्व्हर्टर होता. रात्री एक माणूस तिथंच झोपतो. वास? थोडा होता. अजिबात वास नसता तर मला जास्त शंका आली असती.

त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता. 'ठरलेल्या दिवशी मालक येऊ शकला नाही तर कुणाला कळवायचं?' मी विचारलं, असं होतं का? त्या म्हणाल्या, २०२० साल आठवा. खरंच की! २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि माणसं जिथल्या तिथं अडकली. माझ्या एका मैत्रिणीचा लॅब्रॅडोर तीन दिवसांसाठी पुण्यात ठेवलेला, तो दोन महिन्यांनी घरी आला. पण गंमत म्हणजे तो मजेत होता! जाडा झाला होता. आजही गाडी त्या रस्त्याला लागली की शेपटी हलवतो. तरणा कुत्रा, इतर कुत्र्यांत रमणारा, कुणीही दिलेलं खाणारा. अशासाठी बोर्डिंगसारखी सोय नाही. किंवा अगदी उलटं, जो घरात अनोळखी माणसाला पाऊलच ठेवू देत नाही, त्याच्यासाठीही बोर्डिंगच बरं. नाहीतर राखायला येणारी बाई दाराबाहेर आणि कुत्रा आत उपाशी.

मांजराचं मात्र निराळं. मांजराला माणसापेक्षा घर प्यारं. त्याला हलवू नये. खाणं-पाणी द्यायला आणि वाळूचं भांडं साफ करायला दिवसातून दोनदा कुणी आलं तरी भागतं. फक्त त्यानं खाल्लं का, हे रोज बघायला हवं. मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि ते जिवावर बेततं, म्हणून 'रुसलंय' म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणि एक प्रकार मी आमच्याच भागात पाहिलेला. घरातले सगळे तिरुपतीला, कुत्रा मागल्या अंगणात साखळीला, पुढ्यात पाण्याचं घमेलं आणि पावाची पाकिटं. पाच दिवस! घमेलं पहिल्याच दिवशी सांडलं. आम्ही भिंतीवरून पाणी ओतलं. जनावराला उपाशी-तहानलेलं सोडून जाणं आणि आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिलाय? दहा ते पन्नास रुपये. पाव जास्त महाग पडतात.

असो. नाशिकहून येताना मी गप्प होते. बोर्डिंग चांगलं, पण मोत्या आता म्हातारा. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, रात्री दोनदा उठतो, अंधारात पाण्याचं भांडं शोधताना दाराला धडकतो. नवीन जागेत त्याचं काय होईल? शहरात आता म्हणे घरी येऊन राहणारी माणसं मिळतात, पेट सिटर. मोबाइलवर नाव टाकलं की माणूस हजर. आपल्या गावात असं काही नाही. आपल्याकडे आपलीच माणसं. मग माझ्या डोक्यात आलं ते, जे तुमच्याही आलं असतं. आमच्या धुण्या-भांड्याच्या मावशी!

मावशी नऊ वर्षं आमच्याकडे येतात. मोत्या त्यांच्या पदराला धरून दारापर्यंत जातो. मी सहज म्हटलं, "मावशी, आम्ही बारा दिवस नाही. तुम्ही येताच की रोज, तेवढं मोत्याला भाकरी टाका आणि रात्रीचं इथंच झोपा. मी येताना साडी आणीन तुम्हाला."

मावशी भांडी विसळत होत्या. विसळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, साडी नगं. आन्‌ म्या न्हाई राहायची."

"का हो?"

"येवढा बंगला. काही इकडचं तिकडं झालं तर नाव माजंच यायचं. तुम्ही न्हाई म्हनायच्या, पर लोकं म्हनत्यात."

माझा हात जागच्या जागी थांबला. मी कुत्र्याचा विचार करत होते, घराचा करत होते, नातवाचा करत होते. या बाईवर मी काय टाकते आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बारा रात्री स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या घरात एकटीनं झोपायचं, जनावराची जबाबदारी, वर चोरीच्या आळाची भीती, आणि मोबदला काय, तर एक साडी. अकरा वर्षं मला जे फुकटात करावं लागलं म्हणून मी मनात कुढत होते, तेच मी दुसरीच्या गळ्यात घालत होते, तेही 'येताच की रोज' म्हणून.

रात्री यांच्याशी बोलले. बोर्डिंगनं दिवसाला सातशे सांगितले होते, बारा दिवसांचे आठ हजार चारशे. मी म्हटलं, मावशींना दिवसाचे पाचशे देऊ. हे म्हणाले, "कुत्र्याला भाकरी टाकायचे सहा हजार?"

"बोर्डिंगला आठ हजार द्यायला तयार होता ना?"

"ते वेगळं. ते त्यांचं कामच आहे."

"आणि हे काम नाही? मग माझे अकरा वर्षांचे किती झाले, सांगा बरं."

हे चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसायला लागले की मी समजते, झालं.

दुसऱ्या दिवशी मावशींशी नीट बोलणं झालं. बरोबरीनं बसून, चहा घेत. पैसे निम्मे आधी, निम्मे नंतर. अट त्यांचीही होती. आतल्या दोन खोल्यांना कुलूप, आणि ती किल्ली त्यांच्याकडे नाही, शेजारच्या आजींकडे. कुलूप आजींच्या समोर लावायचं. रात्री सोबतीला नात येणार, सातवीतली. आणि तिसरी अट ऐकून तर मी बघतच राहिले. मावशी माळकरी! "म्या कोंबडी शिजवायची न्हाई, अंड्यालाबी हात लावायची न्हाई." मोत्याला रोज दोन उकडलेली अंडी लागतात. शेवटी आजींच्या नातवानं अंडी उकडून आणायची, मावशींनी दूध-भाकरी घालायची, असं ठरलं. एका कुत्र्यासाठी दोन स्वयंपाकघरं!

निघायच्या आधी पंधरा दिवस आम्ही रंगीत तालीम केली. एका रात्रीसाठी शिर्डीला जाऊन आलो. हे मात्र प्रत्येकीनं करावं. बारा दिवसांचा खेळ पहिल्याच प्रयोगाला लावू नये. मोत्या त्या रात्री जेवला नाही, फाटकाशी बसून राहिला. मावशींच्या नातीनं माझी जुनी सुती साडी दोरीवरून काढून त्याच्या गोधडीवर टाकली, तेव्हा कुठं झोपला. बारा दिवसांसाठी मी मग दोन न धुतलेल्या साड्या ठेवून गेले. न धुतलेल्या साड्या मागं सोडून प्रवासाला निघायचं, हे माझ्या आईनं पाहिलं असतं तर!

एक कागद ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर लावला. मावशींना वाचता येत नाही, नातीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. त्यात वेळा होत्या, गोळी कुठली ते होतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा द्यायचा नाही, हे होतं. मनुकांचं लिहावं लागतं, कारण प्रसादाचा शिरा प्रेमानं भरवला जातो आणि त्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. चावला किंवा दात लागला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, त्याला लस दिलेली असली तरी. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर. आणि शेवटची ओळ अशी, 'आम्हाला फोन लागला नाही तर मावशी म्हणतील तसे उपचार करावेत. खर्च आमचा.' खाली आमच्या दोघांच्या सह्या. पाकिटात दोन हजार रुपये. हे म्हणाले, "सह्या कशाला? कुत्रा आहे, इस्टेट नाही." मी म्हटलं, "असू द्या."

बंगळुरूत पहिले सात दिवस कसे गेले कळलंच नाही. रोज संध्याकाळी मावशींचा फोन. "जेवला. फिरला. झोपला." तिसऱ्या दिवसापासून मी विचारायच्या आधीच त्या सांगायच्या. आठव्या दिवशी वाढदिवस. हॉल, फुगे, केक, पाहुणे. फोन पर्समध्ये, पर्स लेकीच्या खोलीत. साडेसहाला बघितलं तर मावशींचे नऊ फोन येऊन गेलेले.

झालं होतं असं. भर दुपारी वीज गेली, ती दोन तास आली नाही. मावशी दुसऱ्या घरची कामं उरकून आल्या तर मोत्या फरशीवर आडवा, जीभ पूर्ण बाहेर, धाप थांबेना, तोंडातून चिकट लाळ, हिरड्या लालभडक. उठवलं तर मागचे पाय लटपटायला लागले. मावशींनी फोन केला, मी उचलला नाही. यांना केला, यांचा चार्जिंगला. मग त्यांनी वाट बघितली नाही. नळ सोडला तर टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं. त्यांनी रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं त्याच्या पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओतलं आणि नातीला सुपानं वारा घालायला बसवलं. बर्फ नाही, अंगावर ओलं पोतं झाकलं नाही, नुसतं पाणी आणि वारा. डॉक्टर नंतर म्हणाले, हेच बरोबर. ओलं कापड अंगावर तसंच राहिलं की गरमी आत कोंडते. मग गल्लीत आलेल्या आंबेवाल्याची टेम्पोरिक्षा थांबवून, पाट्या बाजूला सरकवून, मोत्याला घेऊन मावशी दवाखान्यात. ताप १०६. कुत्र्याचा एरवी १०१-१०२ असतो. सलाईन लावायचं, तर तिथल्या मदतनिसानं विचारलं, मालक कुठं आहेत? मावशींनी कनवटीचा कागद काढून पुढं केला. फ्रिजवरचा कागद त्या येताना काढून घेऊन आल्या होत्या!

मी फोन लावला तेव्हा मोत्या दवाखान्याच्या गार फरशीवर होता आणि मावशी त्याच्याजवळ. "आता बरंय, ताई. शेपूट हलिवलंय. तुम्ही वाढदिवस करा." मला बोलवेना. पलीकडं 'हॅपी बर्थ डे' चाललं होतं आणि मी लेकीच्या खोलीत पलंगावर बसून रडत होते.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला नाशिकचा तो इन्व्हर्टर आठवला. तिथं असता तर कदाचित हे झालंच नसतं. घरी ठेवलं म्हणजे सगळं बरं, असं नाही. मे महिन्यात म्हाताऱ्या कुत्र्याला वरच्या पत्र्याच्या नाही पण स्लॅबच्या घरात दुपारी एकटं ठेवायचं, तर वीज गेल्यावर काय, हे मी कागदावर लिहायला हवं होतं. मनुका लिहिल्या, वीज विसरले. उरलेले चार दिवस मावशींनी दुपारची बाकीची कामं सोडली आणि मोत्याजवळ थांबल्या. त्या चार दुपारचे पैसे वेगळे दिले, हे मी सांगते ते बढाई म्हणून नाही. त्यांनी ते मागितले, आणि मागितले हे मला बरं वाटलं.

आम्ही परत आलो तेव्हा मोत्या फाटकापर्यंत धावला, माझ्याभोवती तीन चकरा मारल्या, यांचा बूट पळवला. आजींच्या समोर खोल्यांची कुलपं उघडली. मावशींनी मला हाताला धरून दोन्ही खोल्यांतून फिरवलं. "बघा, ताई. सगळं हाय ना?" मी म्हटलं, आहे हो. तरी त्यांनी कपाटं उघडून बघायला लावली. मग पिशवी घेऊन त्या निघाल्या तर मोत्या त्यांच्या पदराला धरून फाटकापर्यंत गेला, आणि त्या वळणापार झाल्या तरी बराच वेळ तिथंच उभा राहिला. मला थोडं लागलं, नाही म्हणत नाही.

परवा मावशी भांडी घासता घासता थांबल्या. म्हणाल्या, "ताई, औंदा म्या वारीला जायची म्हनते." त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्या तालुक्यातूनच पुढं जाते. मावशींच्या गल्लीतल्या चौघी जणी तिच्याबरोबर निघाल्यात, थेट पंढरपूरपर्यंत. मी म्हटलं, "जा की! कामाचं मी बघते." तशा त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "कामाचं न्हाई वो. माजी शेळी हाय. गाभन हाय. सून तिच्याजवळ जात न्हाई, शिंगं मारती म्हनती. ती कोन बघंल?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

शेळी येत्या रविवारी रंगीत तालमीला येणार आहे. मोत्याला अजून काही सांगितलेलं नाही.